वाणी, विराम आणि ‘आक्रीत’ : नट-दिग्दर्शक अमोल पालेकर ह्यांच्या कलाजीवनाचा विचार

नट दिग्दर्शक झाला की आपल्याकडील समीक्षा त्याच्या कलाजीवनाचे सरळ दोन खंड पाडते. पहिल्या खंडात भूमिकांची जंत्री येते, दुसऱ्यात चित्रपटांची. आणि ह्या दोहोंमधील सांधा जुळवावयाचा झाल्यास तो चरित्रातून आणला जातो. वय वाढले, त्याच त्या भूमिकांचा वीट आला, हाती चार पैसे आले, म्हणून नट दिग्दर्शनाकडे वळला, असे सांगून समीक्षक मोकळा होतो. अभिनयात जे चालू होते तेच दिग्दर्शनात पुढे चालू राहिले काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मराठीत तर ही उणीव विशेष खटकते, कारण नट आणि दिग्दर्शक ह्यांची फारकत आपल्या परंपरेत कधी पक्की झालेलीच नव्हती. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये भूमिका करणारे व्ही. शांताराम पुढे कोण झाले हे सांगावयास नको. राजा परांजपे ह्यांनी ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) दिग्दर्शित केला, आणि त्यातील नायकही तेच होते.

अमोल पालेकर ह्यांच्याविषयी ही वाटणी इतकी रूढ झाली आहे की एक पालेकर हिंदी चित्रपटांतील साधासुधा मध्यमवर्गीय नायक आणि दुसरे पालेकर गंभीर प्रकृतीचे दिग्दर्शक, असे जणू दोन गृहस्थच आपण मानतो. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाविज्ञानाचा आहे, नाट्यसमीक्षेचा नव्हे. त्यामुळे चित्रपट पाहताना डोळ्यांआधी कान जागा होतो, हा गुण म्हणा की दोष म्हणा, कबूल करावयास हवा. त्या कानाला जे जाणवले ते असे : पालेकरांच्या सर्व कामाचा धागा वाणीच्या प्रश्नात आहे. माणूस किती बोलतो, कोठे अडखळतो, काय बोलायचे टाळतो आणि त्याच्या वतीने कोण बोलते, हा तो प्रश्न होय. नट असताना त्यांनी तो स्वतःच्या जिभेवर सोडवून पाहिला. दिग्दर्शक झाल्यावर इतरांच्या. ह्या विभागाच्या पत्रिकेत हा विषय घेण्यास आणखी एक कारण आहे. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच चित्रपटाचा विषय आपल्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील एका गावातून आलेला आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमांनी त्याची आजवर फारशी दखल घेतलेली नाही.

पालेकरांचा जन्म १९४४ चा, मुंबईचा. शिक्षण सर जे. जे. कलाशाळेत, चित्रकलेचे, उपजीविकेसाठी काही वर्षे बँकेतील नोकरी. रंगभूमीवर ते आले सत्यदेव दुबे ह्यांच्या तालमीतून, आणि १९७२ मध्ये त्यांनी ‘अनिकेत’ ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात त्या दशकात जी प्रायोगिक रंगभूमी बहरली तिच्यात त्यांचा वाटा मोठा होता. सदानंद रेगे ह्यांचे ‘गोची’, बादल सरकारांचे ‘जुलूस’, महेश एलकुंचवारांचे ‘वासनाकांड’ ही नावे ह्या संदर्भात घ्यावयास हवीत. म्हणजे हा नट नंतर कधी तरी दिग्दर्शक ‘झाला’ असे म्हणणे कालक्रमालाच धरून नाही. पडद्यावर त्याला कोणी ओळखत नव्हते तेव्हाही तो रंगभूमीवर प्रयोग बसवीतच होता.

त्या रंगभूमीचे एक लक्षण येथे महत्त्वाचे आहे. मराठी नाटक दीर्घकाळ शब्दावर पोसले गेले. किर्लोस्कर-देवलांपासून कानेटकरांपर्यंत नाटकाची थोरवी वाक्याच्या डौलात मोजली गेली. छबिलदासच्या पिढीला ह्या डौलाचा संशय आला. वाक्य अर्धे तुटावे, एकच शब्द पुनःपुन्हा घासून त्याचा अर्थ झिजवावा, गर्दीच्या एकत्रित आवाजात व्यक्तीचा आवाज बुडावा, ह्या गोष्टी तेथे नव्याने घडल्या. भरताने वाणीला नाट्याचे शरीर मानले आहे. ते शरीर ह्या मंडळींनी शस्त्रक्रियेच्या मेजावर घेतले, असे म्हणावयास हरकत नाही. पैकी ‘वासनाकांड’ला परिनिरीक्षण मंडळाने आडकाठी केली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. रंगमंचावर काय उच्चारावे हे पूर्वपरवानगीने ठरावे काय, हा वाद पालेकरांनी पुढेही सोडला नाही. २०१६ मध्ये नाट्यसंहितांच्या ह्याच पूर्वपरीक्षणाविरुद्ध त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात, प्रभाकर बरवे ह्यांच्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी, सांस्कृतिक खात्याच्या एका निर्णयावर टीका करीत असता त्यांना मध्येच थांबविण्यात आले. वाणीचा प्रश्न त्यांच्या बाबतीत केवळ कलेपुरता राहिलेला नाही, एवढे ह्यावरून दिसते.

चित्रपटात ते प्रथम आले ते ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) मधून. नाटक विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन दुब्यांचे. खेळ म्हणून सुरू झालेला अभिरूप खटला बोलण्याच्या जोरावर खरा होत जातो आणि एका स्त्रीला चिरडून टाकतो, हा त्या नाटकाचा गाभा. शब्दांनी हिंसा कशी करता येते ह्याचा इतका चोख वस्तुपाठ मराठीत दुसरा दाखविणे कठीण आहे. पालेकरांच्या पडद्यावरील जीवनाचा आरंभ ह्या वस्तुपाठातून झाला, हे ध्यानात ठेवावे. दहा वर्षांनी त्याचा संबंध पुन्हा येणार आहे.

मध्यंतरी जे घडले त्याने त्यांना घरोघरी पोचविले. ‘रजनीगंधा’ (१९७४), ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’ (१९७६), ‘घरौंदा’ (१९७७), ‘गोलमाल’ (१९७९) : बासू चटर्जी, भीमसेन आणि हृषीकेश मुखर्जी ह्यांच्या ह्या चित्रपटांनी हिंदी पडद्याला बसच्या रांगेत उभा राहणारा नायक दिला. ह्या भूमिकांविषयी ‘सहज अभिनय’ हा शब्द वापरून समीक्षक थांबतात. पण सहजता म्हणजे काय, ह्याचा उलगडा करावयास नको काय? भाषाविज्ञानात बोलण्यातील विराम दोन जातींचे मानले जातात. एक विराम वाक्यांगाच्या सीमेवर येतो; तो श्वासासाठी व अर्थाच्या सोयीसाठी असतो. दुसरा वाक्यांगाच्या पोटात, नेमक्या आशयवाचक शब्दाच्या आधी येतो. तो बोलणाऱ्याच्या मनातील शोधाची, संकोचाची किंवा भीतीची खूण असते. नाटकी वाचिक अभिनय पहिल्या जातीच्या विरामावर उभा असतो. नटाला वाक्य पाठ असते, म्हणून तो सीमेवरच थांबतो. पालेकरांनी दुसऱ्या जातीचा विराम पडद्यावर आणला. महत्त्वाच्या शब्दाच्या दारात ते थांबतात, कधी त्या शब्दाऐवजी भलताच शब्द घेऊन आत जातात, आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडतात. ऐकणाऱ्याला वाटते, ह्याला वाक्य पाठ नाही; ते त्याला आत्ताच सुचते आहे. ह्यालाच आपण सहजता म्हणतो.

‘छोटी सी बात’ मधील अरुणला बसथांब्यावर रोज दिसणाऱ्या प्रभेशी बोलता येत नाही. बोलता यावे म्हणून तो खंडाळ्याला अशोककुमारांनी रंगविलेल्या कर्नलसाहेबांची शिकवणी धरतो. येथे चित्रपटाचा विषयच मुळी बोलणे हा आहे. शिकवणीनंतर अरुणची वाक्ये सरळ होतात, विराम सीमेवर येऊन बसतात, आणि प्रतिस्पर्धी नागेश हतबल होतो. तथापि प्रेक्षकांचे प्रेम अडखळणाऱ्या अरुणवरच राहते, कर्नलने घडविलेल्या अरुणवर नाही. चित्रपटाच्या शेवटालाही अखेर त्या जुन्या अरुणकडेच परतावे लागते. नटाने आपल्या विरामांनी कथानकाची दिशा वाकविली, असे मला वाटते.

‘गोलमाल’ हा तर भाषाभ्यासकाने वर्गात दाखवावा असा चित्रपट होय. रामप्रसाद आणि त्याने रचलेला भाऊ लक्ष्मणप्रसाद ह्यांत चेहऱ्याचा फरक मिशीएवढा. खरा फरक भाषेचा आहे. एक संस्कृतप्रचुर, आदरार्थी, क्रियापदापर्यंत शिस्तीत पोचणारी हिंदी बोलतो. दुसरा शहरी, मोकळी, इंग्रजीमिश्रित. मालक भवानीशंकर माणसाची परीक्षा त्याच्या बोलीवरून करतो आणि म्हणूनच फसतो. सामाजिक प्रतिष्ठा ही उच्चारसरणीत कशी वसते आणि ती सरणी पांघरता कशी येते, ह्याचे हे विनोदी पण निर्दोष प्रात्यक्षिक आहे. ह्या भूमिकेला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले ते हास्यासाठी, अशी समजूत आहे. मिळावयास हवे होते ते कानासाठी.

एक अपवाद नोंदविला पाहिजे, नाही तर ही मांडणी फारच सोयीची होईल. ‘रजनीगंधा’तील संजय अडखळत नाही. तो बडबड्या आहे, कचेरीतील बढतीच्या गोष्टींत वेळ विसरणारा. मौन आहे ते नवीनच्या वाट्याला, दिनेश ठाकूर ह्यांनी केलेल्या. आणि १९७७ च्या ‘भूमिका’मध्ये, हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरून श्याम बेनेगल ह्यांनी केलेल्या चित्रपटात, पालेकरांचा केशव दळवी हा पत्नीच्या कमाईवर जगणारा, संशयी नवरा आहे. त्याचा मऊ स्वर हे त्याचे शस्त्र आहे. जो संकोच अरुणमध्ये लोभस वाटला तो केशवमध्ये कपट होऊन येतो. मृदू बोलणाऱ्या मध्यमवर्गीय पुरुषाविषयीचा हा संशय बेनेगलांनी त्यांच्याकडून काढून घेतला, की तो त्यांच्यातच होता? ह्याचे उत्तर ‘आक्रीत’मध्ये मिळते. तो चित्रपट मी कालक्रम मोडून शेवटी घेणार आहे.

दिग्दर्शक म्हणून त्यांच्या हिंदीतील पहिल्या चित्रपटाचे नावच ‘अनकही’ (१९८५) असे आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ ह्या नाटकावरून तो केलेला. ज्योतिषी पित्याने मुलाच्या पहिल्या पत्नीचा मृत्यू वर्तविला आहे. तो योग प्रिय स्त्रीवर येऊ नये म्हणून मुलगा दुसऱ्याच एका भाबड्या मुलीशी लग्न करतो. काही वाक्ये माहिती देत नाहीत, कृती घडवितात. शाप, आशीर्वाद, शपथ आणि भविष्यवाणी ही त्याच जातीची. डॉ. श्रीराम लागू ह्यांनी उभा केलेला पिता एक वाक्य उच्चारतो आणि घरातील प्रत्येक हालचाल त्या वाक्याच्या ताब्यात जाते. भोळ्या इंदूला ते वाक्य ठाऊक नाही, म्हणून त्या घरात मोकळे वागणारी तीच एक. न सांगितलेले वाक्य तिच्याभोवती फिरत राहते. जयदेवांचे संगीत आणि पंडित भीमसेन जोशींचा स्वर ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तो स्वर येथे संवादांच्या जागा भरीत नाही. संवाद जेथे थांबतात तेथून पुढे जातो.

‘थोडासा रूमानी हो जाएँ’ (१९९०) ह्यावर लातूरच्या वाचकाने थोडे अधिक थांबावे. मूळ नाटक अमेरिकन, रिचर्ड नॅश ह्यांचे ‘द रेनमेकर’. अवर्षणाने करपलेल्या गावात एक लांबलचक नावाचा बारिशकर येतो आणि पाऊस आणण्याचे वचन देतो. ती भूमिका नाना पाटेकरांची. संवाद अनेक ठिकाणी पद्यमय होतात. नागर वास्तववादाला हा सरळ छेद आहे. वचन हीही कृतीच. बारिशकराचे वचन वस्तुस्थितीने खोटे आहे, पण स्वतःला कुरूप मानणाऱ्या बिन्नीवर त्याचा परिणाम खरा होतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी भरून आलेली आगगाडी ज्या शहराने पाहिली, तेथील तरुण प्रेक्षक हा चित्रपट निव्वळ रूपक म्हणून पाहू शकत नाही. पावसाच्या वचनाचे मोल आणि त्यातील क्रौर्य दोन्ही त्याला कळतात. पालेकरांनी ते क्रौर्य जवळजवळ वगळले आहे, आणि माझ्या मते ही त्या चित्रपटाची मर्यादा होय. (योगायोग असा की पडद्यावरचा हा बारिशकर २०१५ मध्ये ‘नाम’ ही संस्था घेऊन मकरंद अनासपुऱ्यांसह प्रत्यक्ष दुष्काळी भागात, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांकडे आला.)

‘बनगरवाडी’ (१९९५) हे दिग्दर्शक पालेकरांचे सर्वांत निर्दोष काम आहे, असे मी म्हणेन. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ ची. तिच्यात दोन भाषा शेजारी नांदतात. निवेदक मास्तरची भाषा प्रमाण, आटोपशीर. धनगरांची भाषा माणदेशी. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘करतुया’ ही रूपे तेथे शोभेसाठी येत नाहीत, कारण गावाचे शहाणपण त्याच रूपांत साठविलेले आहे. कादंबरीत ‘मी’ सांगतो. चित्रपटात त्याला पाहणारा माणूस व्हावे लागते. ह्या मास्तरच्या भूमिकेसाठी पालेकरांनी चंद्रकांत कुलकर्णी ह्यांना निवडले. ‘चारचौघी’ आणि ‘वाडा चिरेबंदी’ची नाट्यत्रयी बसविणारा हा दिग्दर्शक औरंगाबादेत घडला, ‘जिगीषा’ घेऊन मुंबईला गेला. दिग्दर्शक झालेल्या नटाने एका दिग्दर्शकाला नट केले. आणि तोही मराठवाड्याचा, ज्याच्या कानाला माणदेशी परकीच. मास्तर वाडीत उपरा आहे, त्याने ऐकावे, शिकावे आणि उशिरा बोलावे, हे त्यामुळे अभिनयाआधीच साधते. कारभाऱ्याच्या भूमिकेतील चंद्रकांत मांढरे हे जुन्या मराठी बोलपटाचे भारदस्त नट. त्यांच्या आणि कुलकर्ण्यांच्या प्रसंगांत दोन पिढ्यांचे वाचिक अभिनय समोरासमोर येतात : मांढऱ्यांचे विराम सीमेवरचे, कुलकर्ण्यांचे शब्दाच्या दारातले. तालीम बांधून होते, औंधचे राजे येऊन जातात, मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. बोलणारे गेले की बोलीही जाते. तो शेवटचा शांत प्रदेश चित्रपटाने कोणतेही भाष्य न करता दाखविला आहे.

पुढील चित्रपटांवर येथे धावती नजर पुरे. ‘दायरा’ (१९९६) मध्ये निर्मल पांडे ह्यांनी केलेला स्त्रीवेशी कलावंत दोन लिंगांच्या भाषारूपांत वावरतो. फ्रान्समधील व्हॅलेन्सिएन महोत्सवात त्यांना अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. जी. ए. कुलकर्णींच्या कथेवरील ‘कैरी’त पोरक्या मुलीची नजर सांभाळली गेली आहे. र. धों. कर्वे ह्यांच्यावरील ‘ध्यासपर्व’ (२००१) आदरणीय आहे, किशोर कदम आणि सीमा बिस्वास ह्यांची कामेही तोलाची. परंतु चरित्रनायकच तर्कनिष्ठ असल्याने युक्तिवाद उच्चारणे अटळ होते आणि पालेकरांचे विशेष सामर्थ्य तेथे बाजूला राहते. सुरेंद्र वर्मांच्या नाटकावरील ‘अनाहत’ (२००३) त्यांना पुन्हा मंद स्वराकडे नेतो. ‘पहेली’ (२००५) विषयी मात्र मतभेद नोंदवावा लागतो. विजयदान देथांच्या ह्याच कथेवर मणी कौल ह्यांनी ‘दुविधा’ (१९७३) केला होता; त्यात माणसे जवळजवळ बोलतच नाहीत. पालेकरांनी उलट बाजू धरली. कठपुतळ्या बोलतात, गाणी गातात, रंग बोलतात. कथेचा मर्मबिंदू असा की भूत त्या स्त्रीशी खोटे बोलत नाही. आपण कोण आहोत हे सांगून तिला निवड देते. हे एक वाक्य ऐकू येण्यासाठी भोवती जी शांतता हवी होती ती चित्रपटाने स्वतःला मिळू दिली नाही. तो भारतातर्फे ऑस्करसाठी गेला म्हणून हे मत बदलण्याचे कारण नाही.

२०१९ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, ते ‘कसूर’ ह्या हिंदी नाटकातून रंगमंचावर परतले. एका डॅनिश चित्रपटावर आधारलेले ते नाटक जवळजवळ संपूर्ण दूरध्वनीवर घडते. निवृत्त पोलीस अधिकारी फोनवर ऐकतो आणि बोलतो. समोरचे माणूस दिसत नाही. नट, दिग्दर्शक आणि वाणीचा अभ्यासक ह्यांना एकत्र आणणारा ह्यापेक्षा नेमका प्रयोग त्यांनी स्वतःसाठी निवडला नसता.

आता ‘आक्रीत’. परभणी जिल्ह्यातील मानवत ही कापसाची बाजारपेठ. १९७२ च्या दुष्काळी वर्षाच्या अखेरीपासून १९७४ च्या आरंभापर्यंत तेथे लहान मुली आणि स्त्रिया ह्यांच्या एकामागून एक हत्या झाल्या. गुप्तधनाची हाव, संततीची आस आणि नरबळीची अंधश्रद्धा ह्यांचे जाळे त्यामागे असल्याचे खटल्यात पुढे आले. खटल्यातील व्यक्तींचा निवाडा न्यायालयांनी केला. तो येथे विषय नाही. १९८१ मध्ये तेंडुलकरांच्या पटकथेवरून पालेकरांनी ह्या घटनेचा चित्रपट केला, पात्रांना वेगळी नावे दिली, आणि मुकुटराव ही गावातील सत्तावान पुरुषाची भूमिका स्वतः केली. रुही ही त्याने ठेवलेली, पारधी समाजातील स्त्री. ती भूमिका चित्रा पालेकरांची. नांत येथील तीन खंडांच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले.

त्याच १९८१ मध्ये ‘नरम गरम’ प्रदर्शित झाला होता आणि ‘गोलमाल’ला दोनच वर्षे झाली होती. कोणत्याही व्यवहारी नटाने ह्या क्षणी मुकुटराव केला नसता. प्रेक्षकाचा कान त्या आवाजावर विसंबायला शिकला होता. बसथांब्यावर शब्द न फुटणारा हा माणूस निरुपद्रवी आहे, अशी त्याची खात्री झाली होती. तोच आवाज, तीच किरकोळ चण घेऊन पालेकर बळीची मागणी ऐकून घेणाऱ्या आणि ती मान्य करणाऱ्या माणसात शिरले. ‘शांतता!’मध्ये बोलण्यातून हिंसा होते. ‘आक्रीत’मध्ये न बोलण्यातून. मुकुटराव ‘नाही’ म्हणत नाही, गाव ‘नाही’ म्हणत नाही, आणि मुली मरत जातात. तेंडुलकरांनी पालेकरांच्या नटजीवनाचा आणि दिग्दर्शकजीवनाचा असा दोन्ही ठिकाणी पाया घातला, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानणे मला कठीण जाते.

त्याचे नावही पाहावे. ‘हत्याकांड’ हा वर्तमानपत्राचा शब्द, ‘खून’ हा फिर्यादीचा. ‘आक्रीत’ हा गावातील बायकांच्या तोंडचा : पूर्वी कधी झाले नाही, होऊ नये, आणि ज्याचे नाव काढावयासही जीभ कचरते, असे काही. त्या शब्दात भीती आहे, आणि थोडी सारवासारवही आहे. आक्रीत ‘घडते’, ते कोणी केले असे त्या वाक्यरचनेत सांगावे लागत नाही. कर्ता लोपलेला असतो. चित्रपटाने नेमका तो लोपलेला कर्ता शोधावयास घेतला.

२०२४ मध्ये ह्याच घटनांवर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. दिग्दर्शन आशिष बेंडे ह्यांचे. तपास करणारे अधिकारी रमाकांत कुलकर्णी ह्यांच्या पुस्तकावर ती आधारलेली. कुलकर्ण्यांची भूमिका आशुतोष गोवारीकरांनी केली, आणि तेही नट असून दिग्दर्शक झालेले. एलकुंचवारांच्या नाटकावरील ‘होली’ (१९८४) पासून त्यांचा पडद्यावरील प्रवास सुरू झाला. मालिकेच्या नावात गावाचे नाव नोंदले गेले आणि ‘मर्डर्स’ हा तपासाच्या कागदांतला शब्द इंग्रजी अनेकवचनाच्या प्रत्ययासह आला. नावांतील हा फरक दृष्टिकोनाचाच आहे. मालिका बाहेरून आलेल्या तपास करणाऱ्याबरोबर गावात शिरते. अंधार हळूहळू उजळत जातो, आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास घेऊ शकतो. ‘आक्रीत’ने प्रेक्षकाला अशी सोबत दिलेली नव्हती. त्याला गुन्हा करणाऱ्यांच्याच घरात बसावे लागते.

मात्र मालिकेने एक गोष्ट केली तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. मकरंद अनासपुरे तिच्यात एका प्रमुख, गंभीर भूमिकेत आहेत. मराठवाड्याची बोली पडद्यावर पोचली ती प्रामुख्याने त्यांच्याच मुखाने, आणि पोचली ती हास्यासाठी. ग्रामीण मराठी म्हटली की कोल्हापूर-साताऱ्याची, ही चित्रपटाची जुनी रूढी. तमाशापटांनी ती पक्की केली. ‘करतुया’ ऐकून प्रेक्षक गावात गेल्यासारखा होतो, ‘करायलो’ किंवा आपल्या लातूर-नांदेडकडचे ‘करलालो’ ऐकून हसावयास लागतो. अपूर्ण वर्तमानाचा एक प्रत्यय एका प्रदेशात गंभीर आणि दुसऱ्यात विनोदी ठरतो, ह्याला भाषेच्या रचनेत काहीच आधार नाही. आधार आहे तो सवयीत. ती सवय भयाच्या कथेत मोडली गेली, हे महत्त्वाचे आहे.

मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीवर घडलेल्या नटांकडून गोदाकाठच्या बोलीची अपेक्षा करणे व्यर्थ होय, आणि ‘आक्रीत’चे सामर्थ्य तेथे शोधूही नये. उलट, मालिकेत बोली ऐकू आली एवढ्याने ती आपल्या भूमीच्या अधिक जवळची ठरत नाही. आपल्या पदव्युत्तर वर्गांतील मुलांना मानवतची घटना ठाऊक असते ती घरातील वडीलधाऱ्यांनी संध्याकाळी बाहेर जाऊ न देण्यासाठी सांगितलेल्या गोष्टींतून, किंवा आता मालिकेतून. त्यांनी दोन्ही कृतींतील संवाद उतरून काढावेत, कोणत्या वाक्यांत कर्ता आहे आणि कोणत्यांत तो गाळला आहे हे मोजावे, आणि मग मानवत, पाथरी, सेलू येथील वृद्ध स्त्रिया त्या दिवसांविषयी आजही बोलतात तेव्हा कोणते क्रियापद वापरतात ते ऐकावे. पहिल्या दोन गोष्टी ग्रंथालयात बसून होतील. तिसरीसाठी परभणीची गाडी धरावी लागेल, आणि ज्या वृद्धा बोलू शकतात त्यांची संख्या दर वर्षी कमी होते आहे.